किशोरवयीन मुलं आणि सिगारेट: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालकसभेत वर्गात कुणी काही विचारत नाही. प्रश्न येतात ते सभा संपल्यावर, जिन्यात चपला घालताना, नाहीतर रात्री साडेदहानंतर व्हॉट्सॲपवर. सुरुवात हमखास "मॅडम, आमच्या शेजारच्यांचा एक मुलगा आहे…" अशी. मुलांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर येतात, खाली नाव नसतं. सोलापुरातल्या शाळा आणि ज्युनिअर कॉलेजांमध्ये समुपदेशनाचं काम करताना साठलेले हे प्रश्न आहेत. शेजारच्यांच्या मुलाला मी सरळ तुमचा मुलगा केलंय. बाकी शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. 'सिगारेट' लिहिलंय तिथे विडीही धरा. मावा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेलं मिश्रण) आणि खायच्या तंबाखूसाठी प्रश्न ९ पाहा.

१. चांगल्या घरातली मुलंसुद्धा सिगारेट का ओढायला लागतात?

पहिली सिगारेट कुणालाच आवडत नाही. ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं, डोकं गरगरतं, एखाद्याला उलटी होते. तरीही दुसरी ओढली जाते. याचा अर्थ त्या मुलाला चवीपलीकडचं काहीतरी मिळालेलं असतं.

गणपतीच्या आधी मंडळांच्या लेझीमचा सराव रात्री उशिरापर्यंत चालतो. नववीतला एक मुलगा सांगत होता, सराव संपला की मोठी पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे जायची आणि लहानांना "घरी जावा रे" म्हणून हाकलायची. एके रात्री त्यातल्या एकाने अर्धी ओढलेली सिगारेट याच्यापुढे धरली. "काय बे, घाबरूलालास का?" एवढंच बोलला. याने घेतली. दुसऱ्या दिवसापासून याला कुणी घरी जा म्हटलं नाही.

मला भेटलेल्या बहुतेक मुलांची पहिली सिगारेट अशीच, कुणीतरी दिलेली आहे. पैसे देऊन विकत घेतात ती पुढची. म्हणून मी "का ओढलीस?" असं विचारायचं सोडून दिलं. त्यावर मुलं खाली बघतात, कारण त्यांनाही ते माहीत नसतं. "कुणी दिली, कुठे उभे होतात, अजून कोण होतं?" याचं उत्तर मात्र लगेच येतं, आणि त्यातूनच कारण कळतं. कुणाला टोळीत जागा हवी असते, कुणाला मोठं दिसायचं असतं, कुणाला घरातल्या भांडणातून अर्धा तास सुटका. कुणाला नुसता कंटाळा आलेला असतो. मे महिन्यातल्या सोलापुरात दुपारी करायला असतं काय? त्यात घरात कुणी ओढणारं असेल (प्रश्न ७) आणि टपरी हाकेच्या अंतरावर असेल (प्रश्न १७), की काम सोपं होतं. घर चांगलं आहे की वाईट, याचा यात लोकांना वाटतो तेवढा वाटा नाही.

२. आमचा आत्ता सातवीत आहे. एवढ्यात बोलायला हवं का?

हो, उलट थोडा उशीरच झालाय. १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांची २०१९ मध्ये देशभर पाहणी झाली. त्यात साडेआठ टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होती. सिगारेट ओढलेल्यांपैकी ३८ टक्क्यांनी आणि विडी ओढलेल्यांपैकी ४७ टक्क्यांनी वयाची दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आतच सुरुवात केली होती. दहाव्या वर्षी मूल चौथी-पाचवीत असतं. बोलायचं म्हणजे भाषण द्यायचं नाही. टपरीवरून जाताना "तुमच्या वर्गात कुणी ओढतं का रे?" असं सहज विचारा आणि तो सांगेल ते मध्ये न बोलता ऐका.

३. एकदाच ओढली म्हणतो. एकदाने सवय लागते का?

एका सिगारेटने कुणी व्यसनी होत नाही. पण 'रोज ओढली तरच सवय लागते' हेही खरं नाही. धूर आत गेल्यावर दहा ते वीस सेकंदांत तंबाखूतलं निकोटिन मेंदूत पोचतं आणि तिथे डोपामिन हे बरं वाटायला लावणारं रसायन सुटतं. हे पुन्हा पुन्हा झालं की निकोटिन धरून ठेवणारे मेंदूतले बिंदू वाढतात, आणि ते रिकामे राहिले की चिडचिड सुरू होते. आवर घालणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यामुळे चाळिशीतल्या माणसापेक्षा पंधराव्या वर्षी ही पकड लवकर बसते. आठवड्यातून एखाद-दुसरी ओढणाऱ्या मुलांमध्येही तलफेची लक्षणं दिसतात. अमेरिकेत रोज सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांपैकी दहातल्या नऊ जणांनी पहिली सिगारेट अठराव्या वर्षापर्यंत ओढलेली असते.

"एकदाच" हे उत्तर मी नेहमी खरं धरते. खोटं असलं तरी त्यातून एक कळतं: ही गोष्ट एकदाचीच असायला हवी होती, असं त्यालाही वाटतंय.

४. तो म्हणतो, ओढली की टेन्शन कमी होतं. खरंच होतं का?

त्याला तसं वाटतं, आणि तो खोटं बोलत नाही. फक्त हिशोब चुकतोय. निकोटिन रक्तातून झपाट्याने उतरतं. दोन तासांत निम्मं होतं. ते उतरलं की अस्वस्थपणा येतो, लक्ष लागत नाही, हात चाळवतात. सिगारेट ओढली की हे थांबतं. म्हणजे सिगारेटनेच आणलेलं टेन्शन सिगारेट घालवते, आणि गणिताच्या पेपरचं टेन्शन होतं तिथेच राहतं. घट्ट बूट दिवसभर वागवायचे, का, तर काढल्यावर बरं वाटतं म्हणून, असा हा प्रकार.

शिवाय मूल तेव्हा वर्गाबाहेर पडतं, मोकळ्या हवेत उभं राहतं, खोल श्वास घेतं, मित्राशी दहा मिनिटं बोलतं. निम्मा आराम याचाच असतो. हे त्याला करून बघायला सांगा: तीच जागा, तोच मित्र, फक्त सिगारेट नाही. मनात खरोखरच काही खोल साठलं असेल तर प्रश्न १९ पाहा.

५. मित्रांनीच बिघडवला. मित्र तोडायला लावू का?

प्रत्येक घरातला मुलगा दुसऱ्याच्या मुलाने बिघडवलेला असतो. मग बिघडवणारा कुणाच्या घरात राहतो, हे मला अजून सापडलेलं नाही.

मित्रांचा परिणाम होतो, यात शंका नाही. २००५ मध्ये अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी मुलांना गाडी चालवण्याचा एक खेळ संगणकावर खेळायला दिला. एकटी असताना किशोरवयीन मुलं साधारण मोठ्यांइतपतच धोका पत्करत होती. ज्यांच्या शेजारी मित्र बसवले ती मुलं मात्र बेफाम झाली. मोठ्या माणसांवर मित्रांचा असा परिणाम दिसला नाही. म्हणजे तुमच्यासमोर 'मला सगळं कळतं' म्हणणारा मुलगा आणि नाक्यावरचा मुलगा यांच्यात खरोखर फरक पडतो.

पण दुसरी बाजू अशी की मुलं मित्र निवडतातही आपल्यासारखेच. ओढावंसं वाटणारा मुलगा ओढणाऱ्यांकडे सरकतो. मैत्री तोडायला लावली की ती चोरून चालते, आणि त्या चोरीत तुमच्याविरुद्धचा एक गट तयार होतो. त्यापेक्षा त्या मित्रांना घरी बोलवा, शेंगाचटणी-भाकरी वाढा. घरात येऊन जेवून गेलेलं पोर आपल्या पोराला काही देताना थोडं तरी बिचकतं. त्याच्यासाठी दुसरी एखादी टोळी उभी राहील तेही बघा: तालीम, क्रिकेट, पोहणं, काहीही.

वर्गात मी एक प्रयोग करते. "तुमच्या वर्गात किती जण ओढत असतील?" असा अंदाज आधी घेते, मग बिननावाच्या चिठ्ठ्या. अंदाज दर वेळी चिठ्ठ्यांपेक्षा बराच मोठा निघतो. 'सगळेच ओढतात' हे बहुतेक मुलांना खरंच वाटत असतं, आणि ते खोटं आहे हे कळल्यावर काहींचे चेहरे चक्क सुटतात.

६. आमच्या घरी विड्याच वळतात. मुलांना कुठल्या तोंडाने नको म्हणायचं?

हा प्रश्न सोलापूरच्या पूर्व भागातून येतो, कुंभारीच्या विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून येतो, आणि विचारताना आया पदर तोंडाला लावतात. माझी आई विड्या वळायची, त्यामुळे याचं उत्तर माझ्याकडे घरचंच आहे.

मांडीवर सूप. ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापलेली. चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, तोंड मुडपायचं, दोरा. मान वर न करता. मजुरी हजार विड्यांवर, आणि कारखान्यात माल तपासताना बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. शाळेतून आलं की आम्ही बहिणी विड्यांचे कट्टे (जुड्या) बांधायला बसायचो. घरात येणारा पाहुणा आधी शिंकायचा. आईने जन्मात विडी ओढली नाही, आणि वळणाऱ्या बहुतेक बायका ओढत नाहीत.

आईचा आणि मुलाचा प्रश्न इथे वेगळा आहे. आईला लाज वाटते. मुलाला त्या वस्तूचं भयच उरलेलं नसतं. ज्याच्यावर आपली फी भरली जाते, ज्यावर डोकं टेकून आपण झोपलो, ते विष आहे हे त्याच्या मनाला पटत नाही. आणि सुपातल्या चार विड्या कमी झाल्या तर कुणाच्या लक्षात येतं?

तेव्हा लाज बाजूला ठेवून सरळ बोला. "ही माझी मजुरी आहे. दुसरं काम घरबसल्या मिळालं असतं तर ते केलं असतं. ही कुणाच्या तरी छातीत जाते, हे मला माहीत आहे. तुझ्या छातीत जाऊ नये म्हणून तर मी मान मोडून बसलेय." हे वाक्य एका आईचं आहे, मी फक्त उतरवून घेतलं. दोन गोष्टी व्यवहाराच्या: माल मोजून आणि झाकून ठेवा, आणि मुलांना वळायला, बांधायला बसवू नका. तंबाखूची भुकटी श्वासातूनही जाते, हातालाही लागते. आम्ही बसलो ते नाइलाजाने, त्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं.

७. वडील स्वतः ओढतात. मग मुलाला काय सांगणार?

घरात ओढणारं माणूस असलं की मुलाने ओढण्याची शक्यता वाढते. हे देशोदेशी पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. पण वडिलांनी सोडेपर्यंत गप्प बसायचं असंही नाही. "मला सोडायची आहे, चार वेळा प्रयत्न केला, जमलं नाही. तुझ्या वयात सुरू केली होती," असं बापाने सांगितलं तर मुलगा ऐकतो. "मी मोठा आहे, माझं वेगळं" याचा अर्थ त्याच्या कानात 'मोठा झालास की ओढ' असा पडतो. घरात, गाडीवर, मुलासमोर ओढायची नाही, एवढं आजपासून करता येतं.

आणि मुलाला "जा रे, दोन सिगारेट घेऊन ये" म्हणून पाठवू नका. अठराच्या आतल्याला तंबाखू विकणं गुन्हा आहे. कुणासाठी नेतोय याने काही फरक पडत नाही. शिवाय टपरीवाल्याशी त्याची ओळख तुम्हीच करून देता.

८. सिगारेटपेक्षा विडी बरी ना? पानाचीच तर असते.

नाही. विडीत तंबाखू कमी असतो, पण ती विझू नये म्हणून जास्त वेळा आणि जोरात ओढावी लागते. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी जात नाही, बहुधा जास्तच जातं.

९. आमचा सिगारेटला हात लावत नाही, फक्त मावा खातो. हे चालेल ना?

'फक्त' वाचून मी दोन मिनिटं थांबले. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करणारे निघाले आणि २४.४ टक्के तंबाखू खाणारे किंवा लावणारे. आपल्याकडचा खरा डोंगर तोंडातला आहे. धूर नाही, वास लपवता येतो, वर्गात बसून खाता येतं, आणि मावा घोटून देणाऱ्याशी मैत्री होते. मनाची कारणं प्रश्न १ मधलीच.

माव्यातल्या सुपारीने तोंडाच्या आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. मुलाला तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील, किंवा तिखट झोंबतंय म्हणून तो कोरडी भाकरी खायला लागला असेल, तर याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडे न्या. आजीची मशेरी हीसुद्धा तंबाखूच.

१०. सिनेमा आणि रील्स बघून मुलं शिकतात, हे खरं की आपली पळवाट?

दोन्ही. पडद्यावरचं धूम्रपान बघून मुलं ओढायला लागतात, त्यात कार्यकारणाचा संबंध आहे, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याच्या, २०१२ च्या अहवालाने काढला. कोपऱ्यातली सूचना नायकाच्या झुरक्यापुढे किती टिकते, ते थेटरात मुलांकडे बघितलं की कळतं. पण पडदा दाखवतो तो थाट. सिगारेट हातात देणारा गल्लीतलाच असतो. मोबाइल काढून घेतल्याने तो गल्लीतून जात नाही. वेलची आणि पानमसाल्याच्या जाहिराती आडून तंबाखूच्या कुठल्या नावासाठी चालतात, हे मुलाला क्रिकेटची मॅच बघताना विचारा. आपल्याला कुणीतरी बनवतंय ही कल्पना या वयाला अजिबात सहन होत नाही. उपदेशापेक्षा ती जास्त उपयोगी पडते.

११. मुलीसुद्धा ओढतात का? आमच्याकडे असं नसतं.

असतं. प्रश्न २ मधल्या पाहणीत तंबाखू वापरणारे मुलगे ९.६ टक्के होते आणि मुली ७.४ टक्के. फरक लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी. कारणं बरीचशी तीच. त्यात वजनाची भर पडते. 'सिगारेटने भूक मरते' हे कुणीतरी सांगितलेलं असतं.

वेगळं आहे ते लपवणं. मुलगा सापडला तर थप्पड बसते. मुलगी सापडली तर कॉलेज बंद होतं, आणि पुढच्या महिन्यात स्थळं बघायला लागतात. मला आलेल्या एका चिठ्ठीत एवढंच होतं: "सोडायची आहे, पण सोडायला मदत मागितली तर ओढते हे कळेल." चिठ्ठी खाली नाव नसल्याने मी पूर्ण वर्गाला उत्तर दिलं. मदत फोनवरही मिळते आणि त्यासाठी आई-वडिलांना सांगावं लागत नाही. नंबर प्रश्न २० मध्ये आहेत.

१२. अभ्यासात पहिला येणारा कसा काय लागला?

अभ्यासिकेमुळे, बहुधा. अकरावी-बारावीची मुलं आठ-दहा तास बसतात, दर दोन तासांनी चहाला खाली उतरतात, आणि चहाच्या टपरीला सिगारेटची टपरी चिकटलेली असते. मोठी, स्पर्धा परीक्षेवाली मुलं तिथे असतातच. 'जागायला मदत होते' हे कारण पुढे येतं. हुशारीने मूल वाचत नाही. हुशार मूल स्वतःला पटवायला जास्त चांगली कारणं शोधतं, एवढंच. चहा डब्यात बरोबर द्या. हसू नका, दोघांच्या बाबतीत एवढ्याने भागलं.

१३. ओढतो की नाही, ओळखायचं कसं?

बोटांना वास, खिशात बडीशेप किंवा मिंटच्या गोळ्या, घरी आल्या आल्या दात घासणं, पैशांचा हिशोब न लागणं, जेवणानंतर लगेच 'आलोच' म्हणून बाहेर पडणं. यातलं कुठलंही एकटं पुरावा नाही. दप्तर रोज उचकटू नका. त्याने फक्त लपवायची जागा बदलते.

१४. आज दप्तरात पाकीट सापडलं. रात्री हे घरी येतील. काय करू?

आधी हे करा: पाकीट त्याच्या बापाच्या ताटाशेजारी मांडू नका. एका घरात नेमकं तसंच झालं होतं. थप्पड, आजीचं रडणं, "आमच्या घराण्यात…" वगैरे. मुलगा रात्री दोनपर्यंत सात रस्ता चौकाच्या बाजूला फिरत होता. कुणाबरोबर? ज्यांनी सिगारेट दिली होती, त्यांच्याचबरोबर. त्या रात्री त्याला घरात घेणारे तेवढेच उरले होते.

आज रात्री जेवू द्या. मग एकट्याने, शक्यतो चालत चालत बोला. समोरासमोर बसलं की चौकशी होते, शेजारी चाललं की बोलणं होतं. सापडलं ते सांगून टाका, आडून आडून विचारत बसू नका. "हे मला सापडलं. मला भीती वाटली. मारणार नाही. कधीपासून, आणि कुणाबरोबर असतोस तेव्हा?" मग गप्प राहा. ती शांतता तुम्हाला जड जाईल. चार-पाच मिनिटं जाऊ द्या. 'मित्राचं आहे' म्हणाला तर "बरं, मित्राचं असेल. तो कधी ओढतो?" असं विचारा. मुलं मित्राच्या नावावर स्वतःचं सगळं सांगतात.

वडिलांना सांगायचं, लपवायचं नाही. पण त्याला सांगून सांगायचं: "उद्या मी बाबांना सांगणार आहे, तू बरोबर बस." आणि शपथ घ्यायला लावू नका. डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की मूल तुमच्यापासून तोंड लपवतं, आणि सिगारेट चालूच राहते.

१५. कॅन्सरचे फोटो दाखवले तर घाबरेल ना?

दोन दिवस. पाकिटावर ८५ टक्के जागा त्याच चित्राने आणि इशाऱ्याने व्यापलेली असते. ते बघतच तो पाकीट फोडतो. पंधरा वर्षांच्या मुलाला पन्नाशीतला आजार दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. जवळचं बोला: क्रिकेटमध्ये दुसऱ्याच धावेला लागणारी धाप, तोंडाचा वास, महिन्याचे जाणारे पैसे, आणि 'मी नाही म्हणू शकत नाही' ही टोचणी. शेवटचं सर्वांत जास्त लागतं.

१६. शाळेत मुलगा सापडला. दाखला हातात द्यावा का? (एका शिक्षकांचा प्रश्न)

सर, दाखला दिला तर तो शाळेऐवजी दिवसभर टपरीवर बसेल. पालकांना बोलवा, समुपदेशन लावा. त्याला सर्वांसमोर उभा करू नका. त्या एका तासात तो शेवटच्या बाकांचा हिरो होतो. आणि स्टाफरूमच्या मागे कोण ओढतं, ते मुलांना तोंडपाठ असतं.

१७. शाळेसमोरच टपरी आहे आणि तो मुलांना सुट्ट्या सिगारेटी देतो. कायदा काय म्हणतो?

बरंच काही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने अठरा वर्षांखालच्यांना आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरपर्यंत, विक्रीला बंदी आहे. त्यातला दंड २०० रुपयांपर्यंत, म्हणजे चहापाण्याइतका. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ दातांचं आहे: मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. सिगारेट-विडी सुटी विकायला महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. कारण साधं होतं: पूर्ण पाकिटाचे पैसे मुलाकडे नसतात, एकीचे असतात.

शाळेने लेखी तक्रार पोलीस ठाण्यात आणि महापालिकेत द्यावी, पोच घ्यावी. पण आधी चार पालकांनी टपरीवाल्याशी बोलून बघा. त्यालाही मुलं असतात, आणि बरेचदा कलम ७७ त्याने ऐकलेलंच नसतं.

१८. व्हेप आणि हुक्का तर फक्त वाफ आणि फ्लेवर असतो ना?

व्हेप म्हणजे ई-सिगारेट. त्यात बहुधा निकोटिनच असतं, कधी सिगारेटपेक्षा जास्त. ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं यांवर देशभर २०१९ पासून बंदी आहे, तरी ती पेनच्या आकारात कंपासपेटीत सापडते. हुक्का पार्लरवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. पाण्यातून आलेला धूर गाळला जात नाही, फक्त गार होतो. गार असल्याने मुलं तो जास्त वेळ ओढतात.

१९. समजावलं, मित्र बदलले, तरी सुटत नाही. आणखी काही असू शकतं का?

असू शकतं, आणि इथे वरची उत्तरं अपुरी पडतात. काही मुलं सिगारेटने स्वतःवर उपचार करत असतात, नकळत. उदासी, सततची काळजी, एका जागी लक्ष न लागण्याचा त्रास अशा मुलांमध्ये धूम्रपानाचं प्रमाण जास्त दिसतं. उदासीमुळे सिगारेट येते आणि सिगारेटने मन आणखी बिघडतं. दोन्ही बाजूंनी चालतं. नुसती सिगारेट काढून घेतली तर कुबडी काढून घेतल्यासारखं होतं.

झोप उडालीय किंवा दिवसभर झोपतो, आवडीचं सोडलंय, मार्क एकदम कोसळलेत, घरात मारहाण किंवा बाहेर कुणाचा त्रास आहे, अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये हा विभाग आहे. 'जगून काय करू' असं काही बोलला तर वाट बघू नका, त्याच दिवशी न्या.

२०. मॅडम, मला सोडायची आहे. पण दोन दिवसांत पुन्हा ओढतो. (चिठ्ठी)

दोन दिवस काढलेस, म्हणजे सर्वांत कठीण भागाच्या मधोमध पोचला होतास. तलफ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर असते, तीन-चार आठवड्यांत ओसरते. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ टाळ: हळूहळू पाणी पी, दहा खोल श्वास घे, जागा सोडून चालायला लाग. कुठे आणि कुणाबरोबर ओढतोस ते वहीत लिही. पहिले दोन आठवडे त्या जागेवरून जाऊच नकोस, घरी जायचा रस्ता बदल. मित्र देतील तेव्हा कारणं सांगत बसू नकोस, कारणांवर वाद होतो. "नको, सोडली" आणि विषय बदल. निकोटिनचे च्युइंगगम मनाने घेऊ नकोस. तुझ्या वयात ते डॉक्टरांना विचारूनच.

तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ आहे, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत.

२१. पाच महिने सोडली होती. गड्ड्याच्या जत्रेत (सोलापूरच्या संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत) एक ओढली. आता सगळं वाया गेलं का?

पाच महिने गेले कुठे? ते झालेच. जत्रेत काय घडलं ते आठव. होम मैदानावर गर्दी, पाळणा, रात्रीची थंडी, जुने मित्र, आणि कुणीतरी "आज काय, जत्रा आहे" म्हणालं असेल. म्हणजे तुझा कच्चा दुवा सणाची रात्र आहे, रोजचा ताण नाही. आता धोका त्या एका सिगारेटचा कमी आणि 'आता मोडलंच आहे' या विचाराचा जास्त. उरलेलं पाकीट घेतलं असशील तर पाण्यात बुडवून टाक. कुणाला देऊ नकोस. पुढच्या संक्रांतीला जत्रेला जा, पण घरच्या कुणाबरोबर तरी, निदान एक वर्ष.

२२. माझा मित्र ओढतो. त्याने शपथ घातलीय. त्याच्या घरी सांगू का?

सिगारेटपुरतं असेल तर लगेच नको. आधी त्यालाच सांग: "मला आवडत नाही, मी बरोबर उभा राहणार नाही, पण तुझ्याशी बोलणं सोडणार नाही." वर्गातल्या एकाने असं म्हटलेलं माझ्या दहा तासांपेक्षा जास्त लागतं. सोबत म्हणूनही त्याच्यासाठी आणायला जाऊ नकोस. पण सिगारेटबरोबर गांजा, नशेच्या गोळ्या, किंवा स्वतःला इजा करायची भाषा असेल, तर शपथ मोडायची. घरी सांगायला भीती वाटत असेल तर मला सांग. माझी खोली जिन्याखाली आहे, मधल्या सुट्टीत उघडी असते.